सगळ्यात मोठं गिरमिट घ्यायचं का?

दोस्तांनो, या वेळी एक मजेदार पत्र आलंय. सांगोला तालुक्यातल्या आठवीतल्या एका मुलीचं. एरवी तुमच्या पत्रांत विमान कसं उडतं, पाणबुडी कशी बुडते असले प्रश्न असतात. हिचा प्रश्न अगदी घरचा आहे. ती लिहिते :

"आमच्या काकांनी जुनं स्किड स्टीअर घेतलंय, गोठ्यातलं शेण आणि खडी भरायला. आता त्याला पुढे खड्डे पाडायचं ऑगर लावायचंय. कुंपणाचे २०० पोल रोवायचेत आणि डाळिंबाची ४०० झाडं लावायची आहेत, पाऊस सुरू व्हायच्या आत. दुकानदार म्हणतो, सगळ्यात मोठं घ्या, एकदाच काय ते पैसे जातील. बाबा म्हणतात, एवढे पैसे घालायच्या आधी कुणाला तरी विचारा. मी म्हटलं, मी विचारते!"

शाबास! घरातला व्यवहाराचा प्रश्न मोठ्यांवर न सोडता आपण विचारायचा, हे मला फार आवडलं. तेव्हा आज त्याचंच उत्तर. हा अंक आईबाबांनाही वाचायला द्या बरं का, कारण यातल्या दोन-तीन गोष्टी त्यांच्यासाठीच आहेत.

आधी स्किड स्टीअर म्हणजे काय ते बघू. रस्त्याच्या किंवा इमारतीच्या कामावर तुम्ही एक बुटकं, चौकोनी यंत्र पाहिलं असेल. चार चाकं, मध्ये पिंजऱ्यात बसलेला चालक आणि पुढे खोरं. आपल्याकडे पुष्कळ लोक त्याला सरसकट 'बॉबकॅट'च म्हणतात. त्याची गंमत अशी की मोटारीची पुढची चाकं वळतात तशी याची चाकं वळतच नाहीत! मग ते वळतं कसं? चाकाची खुर्ची आठवा. डावं चाक धरून ठेवलं आणि उजवं पुढे ढकललं, की खुर्ची जागच्या जागी डावीकडे फिरते. इथेही तसंच. डाव्या बाजूची दोन्ही चाकं एकत्र आणि उजव्या बाजूची दोन्ही एकत्र चालतात. एका बाजूचा वेग कमी केला, की यंत्र घसटत, घसरत वळतं. 'स्किड' म्हणजे घसरणं, त्यावरूनच हे नाव पडलं.

हे यंत्र जन्मलं तेही गोठ्यासारख्याच जागेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचं लहानसं गाव आहे. तिथे लुई आणि सिरिल केलर या भावांचं वर्कशॉप होतं. टर्की नावाचे कोंबडीसारखे मोठे पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला आपल्या दुमजली खुराड्यातली घाण काढायला यंत्र हवं होतं. ते वरच्या मजल्याला पेलेल इतकं हलकं आणि खांबांच्या मधून वळेल इतकं छोटं असायला हवं होतं. केलर बंधूंनी १९५७ साली त्याला तीन चाकांचं यंत्र करून दिलं. पुढे मेलरो या कंपनीने ते हाती घेतलं, १९६० मध्ये चार चाकांचं काढलं आणि १९६२ पासून ते 'बॉबकॅट' या नावाने विकायला सुरुवात केली. बॉबकॅट म्हणजे तिकडचं रानमांजर. म्हणजे आपल्या मैत्रिणीच्या काकांनी शेण भरायला ते घेतलं, ते मूळ हेतूला धरूनच झालं म्हणायचं!

आता ऑगर. सुताराचं गिरमिट पाहिलंय ना? टोकाला स्क्रूसारखं, अंगाला पीळ. फिरवलं की टोक आत घुसतं, आणि कातरलेला भुसा त्या पिळावरून चढत वर येतो. ऑगर म्हणजे जमिनीचं गिरमिट. मधे जाड दांडा, त्याभोवती जिन्यासारखी फिरत गेलेली लोखंडी पाती, खाली कापणारे दात आणि मधोमध टोक. टोक जागा धरून ठेवतं, दात माती कापतात आणि पाती ती वर आणून टाकते.

तुमच्या गावात ट्रॅक्टरच्या मागे लावायचं खड्ड्याचं यंत्र असेल. ते बहुतेक ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टवर चालतं. अडकलं तर त्याला उलटं फिरवता येत नाही. स्किड स्टीअरचं ऑगर फिरतं तेलावर. इथेच खरी मजा आहे, आणि दुकानदाराचं कुठे चुकलं तेही इथेच कळेल.

एक प्रयोग करा. औषधाच्या दुकानातून सुया नसलेल्या दोन सिरिंज आणा, एक ५ मिलीची आणि एक २० मिलीची. दोन्हींच्या तोंडात बसेल अशी मऊ नळी जोडा आणि आत पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. मोठ्या सिरिंजच्या दट्ट्यावर एक पुस्तक ठेवा आणि लहान सिरिंज दाबा. पुस्तक अलगद वर उचललं जाईल. लहान दट्ट्या बराच आत गेला, मोठा मात्र थोडाच वर आला. पण जोर वाढला! बंद द्रवावर एके ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम तुमच्या पुस्तकात आहेच.

यंत्रात पाण्याऐवजी तेल असतं. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, ते जाड होजमधून पुढे ऑगरच्या मोटरमध्ये जातं, तिला फिरवतं आणि दुसऱ्या होजमधून परत येतं. दाब किती असतो? मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो. इथे २०० बारच्या आसपास, म्हणजे शंभरपट!

आता नीट लक्ष द्या. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तेल मिनिटाला किती लिटर येतं, यावर ऑगर किती *वेगाने* फिरेल ते ठरतं. तेलाचा दाब किती, यावर ते किती *जोराने* फिरेल ते ठरतं.

वही घ्या, गणित करू. समजा, यंत्र मिनिटाला ६० लिटर तेल देतं. म्हणजे ६०,००० घनसेंटिमीटर. ऑगरची मोटर एका फेऱ्याला २५० घनसेंटिमीटर तेल गिळते. तर मिनिटाला फेरे किती? २४०. मोटरखाली गिअरबॉक्स असतो, तो वेग चौपटीने कमी करतो आणि जोर चौपटीने वाढवतो. म्हणजे ऑगर फिरेल मिनिटाला ६० फेरे. सेकंदाला बरोबर एक.

आता हीच मोटर मिनिटाला १२० लिटर तेल देणाऱ्या मोठ्या यंत्राला लावली तर? ऑगर दुप्पट वेगाने गरगरेल. मोटर त्यासाठी बनवलेली नसेल तर तिची वाट लागेल. आणि एका फेऱ्याला ५०० घनसेंटिमीटर पिणारी 'सगळ्यात मोठी' मोटर काकांच्या ६० लिटरच्या यंत्राला लावली तर? ऑगर मिनिटाला ३० फेरे घेईल. जोर दुप्पट मिळेल, पण काम रखडत चालेल. एसटी कसारा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढते, जोर हवा म्हणून. पण सपाट रस्त्यावर नाशिकपर्यंत पहिल्याच गिअरमध्ये कोण नेईल?

म्हणून दुकानात पहिला प्रश्न "मोठं कोणतं?" हा नाही. पहिला प्रश्न आपण आपल्याच यंत्राला विचारायचा : पुढच्या जोडणीला मिनिटाला किती लिटर तेल मिळतं आणि किती दाबाने? हे यंत्राच्या पुस्तकात असतं. मोटर आणि गिअरबॉक्सच्या जोडीला म्हणायचं ड्राइव्ह, आणि तो किती लिटरपासून किती लिटरपर्यंत चालतो हे त्याच्या पुस्तकात असतं. दोन्ही आकडे जुळले की निम्मं काम झालं. काकांचं यंत्र जुनं आहे, तेव्हा पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका. पंप झिजला की तेल कमी येतं. चांगल्या वर्कशॉपमध्ये मीटर लावून ते मोजून देतात. त्याला थोडा खर्च येतो, पण चुकीचा ड्राइव्ह घेण्याच्या मानाने तो काहीच नाही.

आणखी एक. काही मोटरींना दोन नाही, तीन होज लागतात. तिसरा बारीक होज मोटरच्या पोटात झिरपलेलं तेल टाकीत परत नेतो. तो लागत असूनही जोडला नाही, तर दाब आतल्या आत वाढतो आणि शाफ्टचं ऑइल सील फाटतं. हे विचारायला लोक हमखास विसरतात.

आता खड्ड्याचा आकार. कुंपणाचा सिमेंटचा पोल समजा ५ इंच चौरस आहे. त्याला ५ इंची गोल खड्डा चालेल का? नाही! चौरसाचा कर्ण काढा. ७ इंचांहून किंचित जास्त येतो. म्हणून ९ इंची ऑगर घ्या, म्हणजे कोपऱ्यापाशीही जवळजवळ इंचभर जागा उरते आणि माती धुमसून भरता येते. डाळिंबाला मात्र साधारण २ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्डा घेतात. त्याला २४ इंची ऑगर लागेल. मग सगळीकडे २४ इंचीच का नको? वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढतं. त्यामुळे तेवढ्याच खोलीसाठी २४ इंची ऑगर ९ इंचीपेक्षा सातपटीहून जास्त माती काढतं. पोलभोवती एवढा मोठा खड्डा पाडायचा, आणि तीच माती परत भरून ठोकत बसायची? वर पोल डुगडुगायचा तो डुगडुगेलच.

म्हणून आमचं मत असं : ड्राइव्ह एकच घ्या, यंत्राला जुळणारा आणि २४ इंची ऑगर पेलणारा. त्याला ऑगर दोन घ्या, ९ इंची आणि २४ इंची. एक पिन काढली की ऑगर बदलतं. खरा पैसा ड्राइव्हमध्ये असतो, त्या मानाने ऑगर स्वस्त. मात्र दोन्हींच्या वरच्या भोकाचा आकार ड्राइव्हच्या शाफ्टशी जुळतो ना, ते बघून घ्या. काही शाफ्ट षट्कोनी असतात, काही गोल.

दात कोणते घ्यायचे हे जमीन सांगेल. मऊ पोयट्याला, काळ्या मातीला पसरट दात चालतात. मुरमाला आणि दगडगोट्यांना टंगस्टन कार्बाइडचं टोक बसवलेले, बंदुकीच्या गोळीसारखे दात लागतात. ते आपल्या खोबणीत स्वतःभोवती फिरत राहतात, त्यामुळे चारी बाजूंनी सारखे झिजतात. सांगोल्याकडे मुरूम भरपूर, तेव्हा हेच घ्या. आणि खाली काळा पाषाण लागला तर? तर थांबायचं. अखंड खडकात हे ऑगर चालत नाही, तिथे ब्रेकर लागतो. वरून रेटलं म्हणून खडक फुटत नाही, दात मात्र तुटतात.

रेटण्यावरून आठवलं. नवा चालक खोरं दाबायच्या सवयीने ऑगरही दाबतो. तसं करू नये. ऑगर वर एका सांध्याला लोंबतं ठेवलेलं असतं, ओळंब्यासारखं, म्हणून खड्डा सरळ पडतो. फूट-दीड फूट खाली जायचं, वर उचलायचं, माती झटकायची, परत खाली. ओल्या काळ्या मातीत एकदम तळापर्यंत गेलात तर ऑगर स्क्रूसारखं रुतून बसतं. मग तेलाचा दाब वाढत वाढत ठरलेल्या हद्दीला पोचतो, एक झडप उघडते आणि तेल टाकीत परत जातं. कुकरची शिट्टी होते ना, तसंच हे. यंत्र वाचतं, पण पुनःपुन्हा असं झालं तर तेल तापतं. अशा वेळी ऑगर हळूच उलटं फिरवून सोडवायचं. यंत्र मागेपुढे नेऊन आडवं ओढायचं नाही, शाफ्ट वाकतो.

झाडांच्या खड्ड्यांसाठी एक खास सूचना. ऑगर ओल्या चिकट मातीत फिरलं की खड्ड्याची भिंत मडक्यासारखी गुळगुळीत होते. मग मुळं आडवी न घुसता आतल्या आत गोल फिरत राहतात. रोप लावायच्या आधी पहारीने भिंत चारी बाजूंनी खरवडा. हे काम तुम्ही मुलंही करू शकता, पण यंत्र बंद होऊन दूर गेल्यावर.

आता निगा. सगळ्यात जास्त झिजतात बाहेरच्या कडेचे दात. का? २४ इंची ऑगरच्या कडेचा दात एका फेऱ्यात जवळजवळ १.९ मीटर प्रवास करतो. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे तासभर फिरत राहिलं तर सुमारे ७ किलोमीटर! सांगोल्याच्या मुरमात नाक घासत ७ किलोमीटर जाऊन बघा. दांड्याजवळचा दात त्या मानाने घरातच बसून असतो. म्हणून रोज संध्याकाळी दात बघायचे आणि झिजलेला लगेच बदलायचा. 'चालतंय की' म्हणत राहिलं तर दातानंतर त्याची खोबण झिजते, मग पातीची कड, आणि शंभर-दोनशेच्या दाताऐवजी हजारोंचं वेल्डिंग अंगावर येतं.

तेलाचा खरा शत्रू म्हणजे धूळ. मोटरच्या आतल्या फटी केसापेक्षाही कितीतरी बारीक असतात. होज जोडताना कपलरवर बसलेली धूळ तेलाबरोबर थेट आत जाते. तेव्हा जोडायच्या आधी स्वच्छ फडक्याने दोन्ही बाजू पुसायच्या, आणि काढल्यावर टोपणं घालायची. टोपण हरवलं तर निदान प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं. ते पुस्तकात सांगितलेल्या तासांनी बदलायचं आणि पहिली बदली चुकवायची नाही, कारण नव्या दातऱ्यांचा लोखंडी चुरा त्याच तेलात उतरलेला असतो.

उन्हाळ्यात एक गंमत होते. ऑगर काढून दुपारभर उन्हात ठेवलं, की होजमधलं तेल प्रसरण पावतं. जागा तीच, तेल जास्त! दाब वाढतो आणि कपलर काही केल्या बसत नाही. मग कुणीतरी हातोडी आणतो. नका आणू! काढतानाच यंत्र बंद करून, पुस्तकात सांगितलंय तसा दाब सोडून मग होज काढायचे, आणि जोड सावलीत ठेवायची.

जुनं ऑगर विकत घेणार असाल तर ते लावून हळू फिरवायला सांगा आणि खालच्या टोकाकडे बघा. टोक एका जागी फिरलं तर उत्तम. हवेत गोल काढत असेल तर दांडा वाकलाय. शाफ्ट हाताने हलवून बघा, तो खुळखुळायला नको. सीलपाशी तेलाचा ओघळ नको. आणि पिनेचं भोक गोलच हवं, लांबट झालेलं नको. हे सगळं अर्थात फिरवून झाल्यावर, ऑगर जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून आणि किल्ली खिशात घालून.

त्या पिनेबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. ऑगर शाफ्टला धरून ठेवणारी ही पिन हरवली की लोक सळईचा तुकडा ठोकतात. एका कामावर मी हे स्वतः पाहिलंय. सळईचं टोक बाहेर दोन इंच आलेलं होतं. माती बाजूला करायला एक माणूस जवळ गेला, खांद्यावर उपरणं होतं. उपरण्याचं टोक त्या सळईत अडकलं आणि तो ओरडायच्या आत अख्खं उपरणं ऑगरवर गुंडाळलं गेलं. ते खांद्यावर नुसतं टाकलेलं होतं म्हणून निसटलं. गळ्याला गुंडाळलेलं असतं तर? आपल्या गणितातलं ऑगर सेकंदाला एक फेरा घेतं. चालकाला दिसेपर्यंत दोन-तीन फेरे झालेले असतात. आणि त्याचा जोर म्हणजे ५ मीटरहून लांब दांड्याच्या टोकाला ६० किलोचा माणूस लोंबकळावा एवढा. हाताने धरून थांबवण्याची गोष्टच नको. म्हणून पिन कंपनीची, बाहेर न डोकावणारी. ओढणी, पदर, उपरणं, सैल बाह्या घेऊन कुणीही जवळ जायचं नाही. फिरत्या ऑगरची माती फावड्याने काढायची नाही. मुलांनी तर यंत्रापासून निदान वीस पावलं लांब.

आईबाबांनो, दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. होजला सुईएवढं भोक पडलं तर २०० बारच्या दाबाने निघालेली तेलाची धार कातडीतून आत घुसते. दिसायला नुसतं टोचल्यासारखं दिसतं, फारसं दुखतही नाही, पण काही तासांत हात गमवायची वेळ येऊ शकते. गळती बोटाने कधीही चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. आणि तेल घुसलंय अशी नुसती शंका आली तरी हळद लावून घरी बसू नका. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि दाबाचं तेल घुसलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

खड्डे पाडायच्या आधी शेताच्या कडेने एक फेरी मारा. विहिरीच्या मोटरची केबल कुठून गेलीय, ठिबकची मुख्य पाइपलाइन कुठे पुरलीय, हे आजोबांना बरोबर आठवत असेल. तिथे चुन्याने खुणा करा. आणि एका दिवसात पोल उभे करता येतील तेवढेच खड्डे पाडा. राहिलेच, तर रात्री फळ्या टाकून वर दगड ठेवा. ९ इंची खड्ड्यात मोठ्या माणसाचाही पाय मोडतो, आणि २४ इंची खड्डा तर लहान मुलाला आणि वासराला पुरेसा आहे.

तर सांगोल्याच्या मैत्रिणी, काकांना सांग : आधी तेल मोजून घ्या, मग ड्राइव्ह, मग दोन ऑगर, मुरमाचे दात आणि चार-सहा दात जास्तीचे. रोज किती खड्डे झाले आणि कोणता दात कधी बदलला, हे एका वहीत तू लिहून ठेव. पोलांचं काम आटोपलं की ती वही समोर घेऊन मला पत्र लिही. कडेचे किती दात गेले आणि मधले किती, ते ऐकायची मला खरंच उत्सुकता आहे.